रहिवासाचा दाखला आणि पोटाचा हक्क



सकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास आमच्या द्वारकेच्या चौकात थोडा वेळ उभे राहून पाहावे. मुंबई-आग्रा रस्ता येथून जातो, पुण्याचा रस्ता येथूनच फुटतो, आणि डोक्यावरून उड्डाणपुलाची गाडी धावते. पुलाच्या सावलीत थापी, ओळंबा, घमेले आणि कापडात बांधलेली भाकरी घेऊन माणसे टेम्पोची वाट पाहत असतात. कान देऊन ऐकावे, तर कोणी भोजपुरी बोलतो, कोणी बुंदेली. सुरगाणा-पेठकडच्या बाया आपल्या कोकणा बोलीत एकमेकींना हाका मारतात. अर्ध्या तासात चौक रिकामा होतो. संध्याकाळी हीच माणसे सिमेंटने पांढरी होऊन परततात. नाशिक शहर रोज थोडे थोडे वाढते ते यांच्या हाताने.

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या सभेत एका जुन्या सभासदाने उठून प्रश्न केला, "भाऊ, आपल्याच पोरांना काही मिळत नाही, मग या बाहेरच्यांना सरकारने का पोसावे?" सभेत टाळ्या पडल्या. आम्ही त्या वेळी काही तरी उत्तर दिले, पण ते आमचे आम्हांलाच पटले नाही. आमची शाळा आठवीत सुटली. कायदा आम्ही शिकलो तो कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर, वकिलांच्या मागे कागद घेऊन धावता धावता. तेव्हा त्या सभासदाला द्यावयाचे उत्तर शोधण्यासाठी आम्हांला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. त्या अभ्यासाचा हा हिशेब आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

बाहेरचा म्हणजे कोण?

प्रथम 'बाहेरचा' या शब्दाची तपासणी करू. आमचे वडील १९७२ च्या दुष्काळात सिन्नर तालुक्यातून नाशकात आले आणि हमाली करू लागले. गावच्या शिधापत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय येथे नवी पत्रिका मिळेना, आणि दाखला आणायला जावे तर दिवसाची मजुरी बुडे. तीस किलोमीटरवरून आलेला माणूसही कागदाच्या दृष्टीने बाहेरचाच होता. ज्या चौकाविषयी आम्ही बोलत आहोत त्याचे नावही द्वारका. श्रीकृष्णाची द्वारका वसविली कोणी? जरासंधाच्या जाचाला कंटाळून मथुरा सोडून आलेल्या यादवांनी. त्यांच्याकडे रहिवासाचा दाखला होता असे कोणत्याही पुराणात लिहिलेले नाही.

हा विनोद झाला. आता कायदा पाहू. आपल्या घटनेत नागरिकत्व एकच आहे, भारताचे. कलम १९ प्रमाणे देशात कोठेही जाण्याचा, राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. कलम १५ सांगते की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्यावरून राज्याने भेदभाव करू नये. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. कलम १५ मध्ये 'जन्मस्थान' हा शब्द आहे, 'निवास' हा नाही. सरकारी नोकऱ्यांविषयीच्या कलम १६ मध्ये मात्र दोन्ही शब्द आहेत. या एका शब्दाच्या फरकातून पुढचे सारे महाभारत घडले आहे.

१९५५ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारत राज्याच्या रहिवाशांना जी जादा फी माफ होती, ती दिल्लीच्या एका विद्यार्थ्याकडून घेतली गेली. न्यायालयाने बहुमताने सांगितले की निवास आणि जन्मस्थान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या रहिवाशांना राज्य सवलत देऊ शकते. तेव्हापासून 'तू कोठे जन्मलास?' असे सरकार विचारू शकत नाही. 'तू किती वर्षे येथे राहतोस आणि त्याला पुरावा काय?' असे मात्र विचारू शकते. ज्याच्याजवळ पुराव्याचा कागद नाही, त्याला दोन्ही प्रश्न सारखेच.

तीन तिजोऱ्या

'सरकारी मदत' असा शब्द आपण सरसकट वापरतो, आणि येथेच सगळा घोळ होतो. मदत एका तिजोरीतून येत नाही. आमच्या मते कोणत्याही सवलतीविषयी पहिला प्रश्न विचारावा तो हा, की पैसा कोणत्या तिजोरीतला? तिजोऱ्या मुख्यतः तीन. पहिली केंद्राची, दुसरी कामावरच्या उपकराची, तिसरी राज्याची.

पहिली तिजोरी केंद्राची. तिच्यातून येते धान्य. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातील दर माणसाला महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. हा हक्क संसदेच्या कायद्याने दिलेला असून त्याला राज्याची सीमा नाही. पण हा हक्क लिहिला गेला तो शिधापत्रिकेवर, आणि शिधापत्रिका बांधलेली होती गावच्या एका दुकानाला. माणूस नाशकात, त्याचे धान्य गोरखपूरकडच्या दुकानात. घरची सगळी माणसे इकडे आली, तर ते धान्य कोणाच्या घरात जात होते, हे आम्ही सांगण्याची गरज नाही.

यावर 'एक देश, एक शिधापत्रिका' ही योजना निघाली. ऑगस्ट २०१९ मध्ये तिचा प्रारंभ झाला तो दोन जोड्यांत: आंध्र प्रदेश व तेलंगणा ही एक, आणि महाराष्ट्र व गुजरात ही दुसरी. पत्रिकेला आधार क्रमांक जोडलेला असला, की देशातील कोणत्याही रेशन दुकानात यंत्रावर अंगठा ठेवून आपला हिस्सा घेता येतो. शिवाय हिस्सा वाटूनही घेता येतो; म्हणजे मुलगा नाशकात आपले ५ किलो घेईल आणि म्हातारे आईबाप गावी आपले घेतील. जून २०२२ पर्यंत सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेश या योजनेत आले.

योजना चांगली, यात शंका नाही. पण दुकानाच्या दारात काय घडते तेही सांगितले पाहिजे. दुकानदाराकडे धान्य येते ते मुख्यतः त्याच्या नेहमीच्या पत्रिकांच्या हिशेबाने. नवखा माणूस दिसला, की "तुमचा माल आमच्याकडे आलेला नाही" हे उत्तर तयार असते. दुसरी अडचण अंगठ्याची. गवंड्याच्या बोटांच्या रेषा चुन्या-सिमेंटने झिजलेल्या असतात आणि यंत्र त्याला ओळखत नाही. ज्या हाताने माणूस काम करतो, त्याच हाताने तो खोटा ठरतो. तिसरी अडचण सर्वांत मोठी. ज्याच्याकडे मुळात पत्रिकाच नाही, त्याने कोणती पत्रिका दाखवावी? लाभधारकांची राज्याराज्यांची मर्यादा आजही २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. त्यानंतर जन्मलेली पोरे आणि वेगळी झालेली कुटुंबे यांना या मर्यादेत जागा मिळणे कठीण. ई-श्रम नोंदणीत नाव असून शिधापत्रिका नसलेले सुमारे ८ कोटी लोक आहेत हे समोर आले, तेव्हा २० एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पत्रिका देण्याचा आदेश केला. तो पाळला जावा म्हणून त्याच न्यायालयाला २०२४ मध्ये पुन्हा बजावावे लागले.

दुसरी तिजोरी उपकराची. ही आमच्या धंद्यातली, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. इमारत बांधणाराकडून बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर वसूल करावा आणि त्यातून बांधकाम मजुरांचे कल्याण करावे, असा कायदा १९९६ साली झाला. महाराष्ट्रात त्यासाठीचे मंडळ २०११ साली स्थापन झाले. मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपण, आजार, अपघात, मृत्यू अशा प्रसंगी या मंडळाकडून मदत मिळते. पात्रतेच्या अटी दोन: वय १८ ते ६० आणि मागील बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचे काम. मजूर कोणत्या राज्याचा हे कायदा विचारतच नाही. बिहारचा असो, बुऱ्हाणपूरचा असो, नाशकात ९० दिवस विटा वाहिल्या की तो पात्र.

मग अडते कोठे? त्या ९० दिवसांच्या दाखल्यावर. दाखला द्यायचा ठेकेदाराने. ठेकेदाराने सही केली, की 'हा माणूस माझ्याकडे कामाला होता' हे कबूल झाले. मग किमान वेतन, जादा कामाचा दर, अपघाताची जबाबदारी, सगळे मागोमाग आले. म्हणून तो सही करीत नाही.

आमच्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट सांगतो. उत्तर बिहारमधला एक गवंडी चार वर्षे नाशकात काम करीत होता. हात इतका सफाईदार, की त्याच्या गिलाव्यावर दुसऱ्याला ओळंबा धरावा लागत नसे. आम्ही त्याला मंडळात नाव घालण्याविषयी सांगितले. तो तीन ठेकेदारांकडे दाखल्यासाठी गेला. तिघांनीही 'पुढच्या आठवड्यात ये' म्हणून सांगितले. पुढच्या आठवड्यांपैकी एका आठवड्यात परांची तुटून तो चौथ्या मजल्यावरून पडला. मंडळाकडे नोंद नव्हती, म्हणून मंडळाची मदत नाही. भरपाईचा दावा लावला, तर ठेकेदार म्हणाला, "हा माझा माणूसच नव्हे." त्याची बायको गावाहून आली होती. तिने आम्हांला एकच विचारले, "चार साल यहाँ था, किसी ने देखा नहीं?" शेवटी दोन वर्षांनी ठेकेदाराने तडजोडीत थोडीफार रक्कम दिली. पण त्या बाईच्या प्रश्नाला आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. त्याने बांधलेल्या भिंती उभ्या आहेत. तो येथे होता असे सांगणारा कागद मात्र एकही नाही.

आणि पैसा नव्हता असेही नाही. उपकराचे हजारो कोटी रुपये देशभर न वापरता पडून आहेत, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली. तिजोरी भरलेली, मजूर दारात, आणि मध्ये एका सहीचे कुलूप.

तिसरी तिजोरी राज्याची. येथे निवासाची अट खरोखरच लागते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी महाराष्ट्रात १५ वर्षांचे वास्तव्य असावे लागते. २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील स्त्रियांना महिना १,५०० रुपये देण्याचे ठरले. त्यासाठी अधिवासाचा दाखला, किंवा त्याऐवजी १५ वर्षांपूर्वीची शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला अथवा जन्माचा दाखला मागण्यात आला. परप्रांतात जन्मलेल्या बाईने महाराष्ट्रातील रहिवासी पुरुषाशी लग्न केले असेल, तर नवऱ्याचे कागद चालतील अशी सूट पुढे देण्यात आली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठीही राज्याची शिधापत्रिका किंवा अधिवास दाखला लागतो. केंद्राच्या आयुष्मान कार्डाचे तसे नाही. ते देशभर, योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांत चालते. म्हणजे एकाच रुग्णालयाच्या एकाच खिडकीवर दोन मजूर उभे असले, तर कोणाचे कार्ड कोणत्या तिजोरीचे यावर एकाचे ऑपरेशन होईल आणि दुसरा कर्ज काढील.

काही गोष्टींना मात्र कोणताच रहिवासाचा दाखला लागत नाही, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जन्मतारखेचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीतील आहार आणि बाळाची लस ही जेथे मूल असेल तेथे मिळाली पाहिजेत. या बाबतीत कोणी अडविले, तर अडविणारा कायद्याच्या विरुद्ध वागतो, हे खुशाल सांगावे.

जातीच्या दाखल्याची गोष्ट याहून कठीण आहे. आंध्रात अनुसूचित जमातीत असलेल्या कुटुंबातील एका विद्यार्थ्याने मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या आधारावर जागा मागितली. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जाती-जमातींच्या याद्या त्या त्या राज्यापुरत्या आहेत. राज्य बदलले की आरक्षणाचा तो लाभ बरोबर येत नाही. त्यामागचे कारणही आहे: स्थानिक जमातीच्या वाट्यात बाहेरून भागीदार येऊ नयेत. पण धुळ्याच्या सीमेपलीकडचा पावरा मजूर अलीकडे आला की त्याची गरिबी सीमेवर उतरून राहत नाही, हेही तितकेच खरे.

२०२० ने शिकविलेला धडा

या सगळ्या गोष्टी कागदावर होत्याच. त्यांचा अर्थ आपल्याला कळला तो २०२० साली. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली, कामे थांबली, ठेकेदारांचे फोन बंद झाले. एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-आग्रा रस्त्याने माणसांची रांग लागली. डोक्यावर बोचके, कडेवर मूल, पायांत तुटकी चप्पल. द्वारकेवरून ती रांग आडगावच्या दिशेने जाताना आम्ही पाहिली. नाशिककरांनी त्या दिवसांत पाणी दिले, पोळी-भाजी दिली, पायांना लावायला मलम दिले; त्याचा आम्हांला अभिमान आहे. १ मे २०२० रोजी रेल्वेने ज्या पहिल्या सहा श्रमिक गाड्या जाहीर केल्या, त्यांत नाशिकहून लखनौची आणि नाशिकहून भोपाळची अशा दोन गाड्या होत्या. ८ मे रोजी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली मेले. तेही जालन्याहून चालत घरीच निघाले होते.

ही माणसे का चालत निघाली? रोगाच्या भीतीपेक्षा मोठे कारण होते. येथे त्यांचा कोणत्याही दुकानात हिस्सा नव्हता, कोणत्याही यादीत नाव नव्हते. उत्तर प्रदेश आणि बिहार 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेत जोडले गेले ते मे २०२० मध्ये, म्हणजे त्यांची माणसे रस्त्यावर असताना. १४ मे रोजी केंद्राने पत्रिका नसलेल्या सुमारे ८ कोटी स्थलांतरितांना दोन महिने दर माणशी ५ किलो धान्य देण्याचे जाहीर केले. पत्रिका नसली तरी धान्य देता येते, हे त्या दिवशी सरकारनेच सिद्ध केले. पुढे २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असंघटित मजुरांची नोंद करा, कोरडा शिधा द्या, सामूहिक स्वयंपाकघरे चालवा असे आदेश दिले. आणि २६ ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम नोंदणी सुरू झाली. आज तिच्यात ३० कोटींवर नावे आहेत. नोंदणी झाली हे उत्तम. पण नोंदणी म्हणजे हक्क नव्हे. ताटाची मोजणी झाली म्हणून ताटात भात पडत नाही.

कायदा बदलला, काय मिळाले, काय गेले

आंतरराज्य स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ चा एक जुना कायदा होता. ठेकेदाराने परप्रांतातून आणलेल्या पाच किंवा अधिक मजुरांना तो लागू होई. त्यात प्रवासखर्च होता, आणि घर सोडल्याबद्दलचा विस्थापन भत्ताही होता: महिन्याच्या निम्म्या मजुरीइतका किंवा ७५ रुपये, यांत जे जास्त असेल ते. कागदावर कायदा चांगला होता. अंमल जवळजवळ नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आणि हा कायदा त्यांत विलीन झाला.

नव्या संहितेत एक गोष्ट आमच्या मागणीची आली. आपल्या पायाने कामाच्या शोधात आलेला मजूरही आता 'स्थलांतरित' धरला जातो. ठेकेदारानेच आणलेला पाहिजे असे नाही. रेशनचा लाभ मूळ राज्यात घ्यावा की कामाच्या राज्यात, याची निवड मजुराने करावी आणि बांधकाम उपकराचे लाभ कामाच्या राज्यात मिळावेत, यासाठी सरकारांनी योजना कराव्यात असेही तीत म्हटले आहे. पण विस्थापन भत्ता गेला. आणि पाच मजुरांची मर्यादा दहा झाली. म्हणजे नऊ मजूर ठेवणारा छोटा ठेकेदार या तरतुदींतून सुटला. आमच्या नाशकातील किती बांधकामांवर नऊच मजूर दाखविले जातील, याचा अंदाज आपण करावा.

जगाच्या पाठीवर

हा प्रश्न केवळ आपला नाही. इंग्लंडात १६६२ साली असा कायदा झाला की दुसऱ्या परगण्यातून आलेल्या गरिबाला, तो येथे भार होईल असे वाटल्यास, चाळीस दिवसांच्या आत मूळ परगण्यात परत पाठवावे. प्रत्येक परगण्याने आपापले गरीब सांभाळावेत, हा त्यामागचा हेतू. या कायद्याने मजुराला जेथे काम आहे तेथे जाताच येईना. अ‍ॅडम स्मिथ याने १७७६ साली आपल्या ग्रंथात या पद्धतीवर कडक टीका केली. आणि तो काही कामगार पुढारी नव्हता.

अमेरिकेत काही राज्ये नव्याने आलेल्या गरिबांना एक वर्ष थांबल्याशिवाय मदत देत नसत. १९६९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. नागरिकाला देशात फिरण्याचा हक्क आहे, आणि उपाशी ठेवून तो हक्क हिरावता येणार नाही, असा त्याचा आशय. पण त्याच देशाने १९९६ साली परदेशातून आलेल्यांसाठी वेगळा नियम केला: कायदेशीर, कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्यांनाही पहिली पाच वर्षे बहुतेक संघीय मदत नाही. आपल्यापैकी ज्यांची मुले तिकडे आहेत आणि ज्यांनी म्हातारपणी तिकडे कायम राहायला जाण्याचा विचार केला आहे, त्यांना हा नियम ठाऊक असेल. दवाखान्याच्या खिडकीवर आपला बाप परका ठरतो तेव्हा कसे वाटते, हे त्या मुलांना विचारावे. आणि द्वारकेवर उभा असलेला मजूर तर परदेशी नव्हे. त्याच्याजवळ आपल्याजवळ आहे तेच नागरिकत्व आहे.

सभासदाला उत्तर

आता त्या सभासदाच्या प्रश्नाकडे येतो. 'बाहेरच्यांना आपण का पोसावे?' त्याच्या मागची जळजळ खोटी नव्हती. त्याचा मुलगा दोन वर्षे बेकार होता. अशा माणसाला बंधुभावाचा उपदेश करून भागत नाही. हिशेब दाखवावा लागतो.

पहिला हिशेब असा. रेशनचे धान्य केंद्राचे. ते त्याच्या नावाने आधीच निघालेले आहे. त्याने गोरखपूरऐवजी नाशकात घेतले म्हणून आपल्या ताटातला घास कमी होत नाही. उपकर तर त्याच्याच घामाने उभ्या राहिलेल्या इमारतीवर बसलेला आहे. राहिली राज्याची तिजोरी. जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. या करातील राज्याचा हिस्सा, माल जेथे वापरला जातो त्या राज्याला मिळतो. बिहारचा मजूर द्वारकेवर साबण, चप्पल, फोनचे रिचार्ज घेतो तेव्हा कर महाराष्ट्राच्या तिजोरीत पडतो. कर भरताना त्याला कोणी १५ वर्षांचा दाखला विचारीत नाही.

दुसरा हिशेब मजुरीचा. ज्या मजुराला रेशन नाही, दवाखाना नाही, मुलाला शाळा नाही, तो कोणत्याही दराने कामावर जातो. कारण तो एक दिवसही बसून खाऊ शकत नाही. त्याची लाचारी हेच ठेकेदाराचे भांडवल. तो तीनशेवर तयार झाला, की आपल्या पोराला पाचशे कोण देणार? त्या सभासदाच्या मुलाचे काम परप्रांतीयाने घेतले नाही, ते परप्रांतीयाच्या भुकेने घेतले. ती भूक मिटविली तरच आपल्या मजुरीचा दर टिकेल. कामगार चळवळीने शंभर वर्षांत दुसरे काही शिकविले नसेल, तरी एवढे शिकविलेच आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. राज्याने आपल्या कमाईतून दरमहा रोख पैसे द्यायचे ठरविले, तर काल आलेल्याला उद्या ते द्यावेत असे आम्हीही म्हणणार नाही. काही काळ येथे राहण्याची अट घालणे अन्यायाचे नाही. पण तो काळ किती? पंधरा वर्षे म्हणजे मजुराच्या कष्टाच्या आयुष्याचा अर्धा भाग. आणि पुरावा कोणता? पत्र्याच्या खोलीला भाडेपावती नसते, वीजबिल मालकाच्या नावाचे असते. आमचे म्हणणे असे: भूक, आजार, अपघात आणि मूल या चार बाबतींत निवासाची अट मुळीच नसावी. रोख अनुदानासाठी अट असावी, पण ती थोड्या वर्षांची. आणि पुरावा म्हणून ई-श्रमची नोंद, मंडळाचे ओळखपत्र किंवा हजेरीपट चालावा.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला आपल्याच राज्याचे उदाहरण द्यावे. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कामगारांचा कायदा केला. मुंबईत ओझी वाहणारे हे हमाल पुष्कळसे साताऱ्याकडचे, पुणे जिल्ह्यातले. मुंबईला तेही बाहेरचेच. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. मालक एक नाही म्हणून हक्क नाही, अशी त्यांची स्थिती होती. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली ते संघटित झाले आणि कायद्याने मंडळे बनली. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरावी, आणि मंडळाने कामगाराला वेतन, भविष्यनिर्वाह निधी, उपदान द्यावे, अशी ती पद्धत. मालक बदलला तरी हक्क कामगाराबरोबर चालतो. जे मालकाच्या बाबतीत पन्नास वर्षांपूर्वी जमले, ते राज्याच्या सीमेच्या बाबतीत न जमण्याचे कारण काय?

आपण काय करावे?

शेवटी, ऐकून घरी जाणाऱ्या नाशिककराने काय करावे? मोठे काही नाही. आपण घर बांधत असाल, तर ठेकेदाराला पहिल्याच दिवशी विचारावे: मजुरांची हजेरी लिहितोस का? ९० दिवसांचा दाखला देणार का? शेवटचा हप्ता देण्यापूर्वी ते दाखले दाखव म्हणावे. आपल्या गल्लीतील रेशन दुकानदाराला विचारावे, परगावच्या पत्रिकेवर धान्य देतोस का? शिक्षक असाल, तर कागद नसलेले मूल आधी वर्गात बसवावे आणि कागद मागून गोळा करावेत. २०२७ च्या सिंहस्थासाठी या शहरात रस्ते, पूल आणि घाट यांची कामे निघालेली आहेत. त्या घाटांवर आपण स्नान करू तेव्हा ते बांधणारांची नावे कोठे तरी लिहिलेली असावीत. देणगीदारांच्या फरशीवर नकोत, मंडळाच्या नोंदवहीत असली तरी पुरे.

त्या गवंड्याच्या बायकोने विचारले होते, चार वर्षे तो येथे होता, कोणी पाहिले नाही का? आम्ही सगळ्यांनी पाहिले होते. फक्त कोणी लिहून ठेवले नव्हते.